शुक्रवारपर्यंत काचेखाली

आमच्या विद्यापीठात आता भांडणालाही नंबर मिळतो. कुणी कुणाची खुर्ची पळवली, बैठकीत कुणाचं नाव घ्यायचं राहिलं, की पोर्टलवर तक्रार टाकायची. लगेच मोबाईलवर निरोप येतो, 'आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे', आणि खाली भलामोठा क्रमांक. मग ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही निरोप जातो, आणि तोही एक टाकून देतो. परवा आमच्या परीक्षा विभागातल्या दोघी एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून, एकमेकींविरुद्ध तक्रारी टाईप करत बसल्या होत्या. मध्येच एकीने विचारलं, "नेट चालू आहे का गं तुझं?" दुसरी म्हणाली, "चालू आहे की." आणि दोघी परत टाईप करायला लागल्या. मला त्या क्षणी आहेर मॅडमची इतकी आठवण आली, की मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

विद्यापीठ कुठलं ते सांगत नाही. नाशकात ती एकापेक्षा जास्त आहेत, आणि मी सांगतेय त्यातली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत. आहेर हे आडनाव सांगायला मात्र हरकत नाही, कारण त्यांच्या गावी, देवळ्याच्या बाजारात डोळे मिटून दगड मारला तरी तो कुठल्या ना कुठल्या आहेरालाच लागेल.

मॅडम आवक-जावकला होत्या. मुख्य इमारतीत शिरलं की उजव्या हाताची पहिली खिडकी. विद्यापीठात येणारा प्रत्येक कागद आधी त्या खिडकीतून आत जायचा. त्यावर गोल शिक्का बसायचा, तारीख पडायची, वहीत नोंद व्हायची आणि मग तो कागद सरकारी व्हायचा. शिक्का बसेपर्यंत तो नुसताच कागद. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दोन अवस्थांच्या मध्ये एक फट आहे आणि त्या फटीत माणसांना बसवता येतं, हे फक्त त्यांना सुचलं होतं.

दिसायला त्या ठेंगण्या, रुंद. इस्त्रीची सुती साडी आणि पायात पुरुषी सँडल, कारण बायकांच्या चपला बसच्या पायरीवर दगा देतात असं त्यांचं ठाम मत होतं. यजमान औष्णिक वीज केंद्रात नोकरीला होते, म्हणून राहायला एकलहऱ्याच्या कॉलनीत. तिथून नाशिकरोड, नाशिकरोडहून आमच्याकडे, अशा रोज दोन बस. एकलहऱ्याला सगळ्यावर राखेचा बारीक थर बसतो, त्यामुळे कुठल्याही वस्तूवर बोट फिरवून बघायची त्यांना सवयच लागली होती. कुलसचिवांच्या केबिनमध्ये सही घ्यायला गेल्या तरी टेबलाच्या कडेवरून बोट फिरायचं. साहेब बिचारे ओशाळून शिपायाकडे बघायचे.

स्वतःच्या टेबलावर त्यांनी जाड काच ठेवली होती. सकाळी आल्या आल्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने ती पुसायची, हे पहिलं काम. काचेखाली भिंतीवरच्या कॅलेंडरमधून कापलेलं सुट्ट्यांचं पान, बसचं वेळापत्रक, नातवाचा बोडकं डोकं असलेला फोटो. आणि उजव्या कोपऱ्यात, पालथे घातलेले, तक्रारींचे कागद.

पद्धत अशी होती. कुणी रागाने लाल होऊन तक्रारीचा अर्ज घेऊन खिडकीशी आलं, की मॅडम म्हणायच्या, "आत ये. बस. आज चष्मा नाही आणला मी, तूच वाचून दाखव." चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत असायचा. पण अर्ज घेऊन आलेला माणूस इतका पेटलेला असायचा, की त्याचं तिकडे लक्षच जायचं नाही. तो वाचायला लागायचा. पहिलं पान जोरात जायचं. दुसऱ्या पानावर आवाज उतरायचा. स्वतःच लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडावर वाचणं ही भारी अवघड गोष्ट आहे, मी करून पाहिलंय. वाचून झालं की मॅडम कागद घ्यायच्या, काच थोडी उचलायच्या, कागद पालथा सरकवायच्या आणि म्हणायच्या, "शुक्रवारी शिक्का मारते. तोवर इथे आहे. तुझा कागद आहे, केव्हाही घेऊन जा."

हे त्यांनी कांदा साठवायच्या चाळीवरून घेतलं होतं. त्यांनीच सांगितलं होतं मला. "कांदा उपटला की लगेच बाजारात नेला तर ओला जातो गं. चाळीत पडू द्यावा. आपोआप सुकतो. मग कळतं टिकणारा कुठला आणि नुसता पाण्याने फुगलेला कुठला." बहुतेक अर्ज पाण्याने फुगलेले निघायचे. बुधवारपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलेलं असायचं की काचेखाली कुणाचा कागद आहे, आणि ज्याच्याविरुद्ध तो असायचा तो काही ना काही निमित्त काढून खिडकीवरून चकरा मारायला लागायचा.

वनस्पतिशास्त्राच्या भामरे सरांचा किस्सा अजून सांगतात. त्यांनी आपल्याच विभागातल्या जोशी मॅडमविरुद्ध तीन पानी अर्ज आणला होता. प्रयोगशाळेत एकच फ्रीज, त्यात भामरे सरांच्या संशोधनाच्या बशा ठेवलेल्या, आणि जोशी मॅडमनी आपला जेवणाचा डबा त्याच फ्रीजमध्ये ठेवला. मी काहीतरी नोंदवायला गेले होते, म्हणून हे मला ऐकायला मिळालं. सर वाचत होते, "सदर प्राध्यापिकेने सुकटीच्या चटणीचा डबा माझ्या बुरशीच्या शेजारी ठेवून..." मॅडमनी हात वर केला.

"एक मिनिट सर. बुरशी कुणाची?"

"माझी. म्हणजे संशोधनाची."

"बरं. मग खराब काय झालं? बुरशी का सुकट?"

भामरे सरांनी कागदाकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. त्यांचा चेहरा कडक ठेवायचा प्रयत्न चालला होता, पण ओठ ऐकेनात. "खरं म्हणजे सुकटच खराब झाली असणार," ते म्हणाले, आणि हसायला लागले ते डोळे पुसेपर्यंत. अर्ज तरीही काचेखाली गेला. मॅडम हसण्यावर विश्वास ठेवायच्या नाहीत. "हसू तासाभरात वाळतं, शुक्रवारपर्यंत बघू," म्हणाल्या. गुरुवारी सर येऊन कागद घेऊन गेले. पुढे त्या विभागाने दुसऱ्या फ्रीजची मागणी केली, तीवर मात्र मॅडमनी हातोहात शिक्का मारला.

माझा स्वतःचा कागदही त्या काचेखाली पडलेला आहे. वैशाली आणि मी परीक्षा विभागात एका टेबलावर बसायचो. निकालाच्या एका यादीत माझ्याकडून दोन बैठक क्रमांकांची अदलाबदल झाली, आणि ते मला न सांगता वैशालीने थेट साहेबांना सांगितलं. मला चारचौघांत बोलणी बसली. माझा इतका जळफळाट झाला की जेवणाच्या सुट्टीत बसून मी दोन पानं खरडली. मॅडमसमोर वाचताना दुसऱ्या पानावर मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. पाणीसुद्धा दिलं नाही लगेच. मग म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी अर्धा तास माझ्याकडे ये. टपाल फोडायला माणूस कमी आहे."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर वैशालीही तिथे. तिलाही तेच सांगितलेलं. त्या दिवसांत फेरतपासणीचे अर्ज गोणी भरभरून यायचे. एकीने पाकीट फोडायचं, दुसरीने आतले कागद मोजून टाचणी लावायची. मॅडम मधे बसून शिक्के मारायच्या. "हात रिकामे असले की तोंड चालतं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दोन दिवस आम्ही एकमेकींच्या हातात कागद दिले, तोंडाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी वैशालीने एक पाकीट फोडलं तर अर्जाबरोबर कागदाची बारीक पुडी. पुडीत अंगारा. आणि चिठ्ठी, 'पेपर तपासणाऱ्या सरांच्या कपाळाला लावावा, ही नम्र विनंती.' वैशालीने ती मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. आम्ही दोघी टेबलावर डोकं ठेवून हसत होतो, आणि मॅडम त्या चिठ्ठीवरही शिक्का मारत होत्या, कारण अर्जासोबत आलेला कागद म्हणजे सहपत्र. आज वैशालीच्या मुलीच्या लग्नाची खरेदी मी करतेय.

रागावल्या किंवा फार खूश झाल्या की त्यांच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी देवळ्याकडचा 'शे' यायचा. "काय शे त्यात एवढं!" असं म्हणाल्या की समजायचं, बाई आता मनातून बोलतायत. एरवी अगदी शहरी बोलायच्या.

हे असं वर्षानुवर्षं चाललं. वरिष्ठांना माहीत होतं आणि त्यांनी डोळेझाक केली होती, कारण त्यांचंच काम हलकं व्हायचं. नियमात अर्थातच हे कुठेच बसत नव्हतं. आलेला कागद आल्या दिवशी नोंदवायचा, हा नियम.

मग गावित आला.

गावित रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता, कंत्राटी. पेठ तालुक्यातला. सडपातळ, कमी बोलणारा, काचेच्या वस्तू अशा धुवायचा की मुलं म्हणायची, गावितभाऊंनी धुतलेली नळी दिसतच नाही. त्याचे विभागप्रमुख त्याला आपल्या बंगल्यावर न्यायचे, बागेला पाणी घालायला, गाडी धुवायला. तो जायचा. एकदा मुलगी आजारी म्हणून गेला नाही, तेव्हा प्रमुखांनी त्याला भर प्रयोगशाळेत, मुलांसमोर, तो ज्या समाजातून आला त्याच्यावरून बोलून घेतलं. काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. गावितने अर्धं पान लिहिलं आणि तो सोमवारी सकाळी खिडकीशी आला, तोवर तो प्रकार सगळ्या इमारतीला कळला होता. मी आत टपाल द्यायला गेले होते.

"बस रे," मॅडम म्हणाल्या. "चष्मा नाही आणला मी. वाचून दाखव."

गावितने त्यांच्या गळ्यातल्या चष्म्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिकडे बघणारा तो पहिलाच. "मला वाचून दाखवायचं नाय मॅडम," तो म्हणाला. "लिवलंय ते लिवलंय. शिक्का मारून पोच द्या."

"शुक्रवारपर्यंत थांब ना. मी बोलते सरांशी. काम आहे तुझं, कंत्राट आहे, उगाच..."

"पोच द्या, मॅडम."

मॅडमनी काच उचलली. मी बघत होते. त्यांनी कागद पालथा घातला, पण नेहमीसारखा चटकन नाही. हातात जरा वेळ धरून. "शुक्रवारपर्यंत," त्या म्हणाल्या. गावित निघून गेला. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा त्यांचंच बरोबर वाटलं. त्याच्याच भल्याचं करतायत, असं वाटलं.

मंगळवारी त्या प्रमुखांना भेटल्या. त्यांनी चहा पाजला, खूप गोड बोलले, 'बरं झालं तुम्ही सांगितलंत, मी बघतो' म्हणाले. बुधवारी संध्याकाळी गावितच्या हातात कागद पडला. अनियमित हजेरीमुळे उद्यापासून कामावर येऊ नये.

गुरुवारी सकाळी तो खिडकीशी आला तेव्हा मॅडम काच पुसत होत्या आणि मी टपाल घेऊन तिथेच होते. त्याने कामावरून काढल्याचा कागद काचेवर ठेवला. मॅडमनी वाचला, चष्मा लावून. त्यांचा चेहरा असा उतरला की मी पुढे झाले. अर्थ अगदी सरळ होता. आता तक्रारीवर शिक्का मारला तर तारीख पडणार गुरुवारची, म्हणजे कामावरून काढल्यानंतरची. कुणीही म्हणेल, काढलं म्हणून सूड उगवतोय. सोमवारी तो आला होता याचा कागदावरचा पुरावा जगात कुठेच नव्हता. तो पुरावा म्हणजे एक शिक्का, आणि तो मारायचा राहिला होता.

मी हळूच म्हणाले, "मॅडम, सोमवारची तारीख मारा ना." शिक्क्यातल्या तारखेची चाकं नखाने फिरतात. वहीत मधे एखादा क्रमांक 'अ' लावून घुसवता येतो, इतर वेळी तसं होतंही. "कोण बघणार आहे?"

"या टेबलावर एक तारीख तेवढी खरी असते," त्या म्हणाल्या. "तीही खोटी केली, तर इतकी वर्षं मी इथे काय केलं?"

त्यांनी गुरुवारचा शिक्का मारला. पोच दिली. मग एक कोरा कागद घेतला आणि आमच्यासमोर स्वतःच्या हाताने लिहिलं. ते मला जवळजवळ पाठ आहे. 'सदर अर्ज सोमवारी सकाळी माझ्याकडे सादर करण्यात आला. अर्जदाराने पोच मागितली असतानाही मी ती दिली नाही. मंगळवारी मी संबंधित विभागप्रमुखांना या अर्जाविषयी तोंडी सांगितले. त्यानंतर बुधवारी अर्जदाराला कामावरून कमी करण्यात आले. या विलंबाचा दोष माझा आहे.' खाली सही. त्यावरही शिक्का मारला आणि वहीत गावितच्या अर्जाच्या लगेच खालचा क्रमांक दिला. मग कागदाची एक प्रत गावितला दिली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली आणि तो गेला.

दुपारी मी त्यांच्याजवळ बसले. डबा उघडाच होता, पोळीला हात लावला नव्हता. "चाळीत सडका कांदा ठेवत नसतात गं," त्या म्हणाल्या. "एक ठेवला तर शेजारचे दहा नासतात. तो दिसला की उचलून बाहेर टाकायचा, तिथल्या तिथे. सोमवारी हातात घेतला तेव्हाच वास आला होता मला. तरी ठेवला. मला वाटलं, मला काय, मी सगळं मिटवते."

"जाऊ द्या मॅडम," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"काय जाऊ दे? त्याचं घर शे त्यात."

चौकशी नऊ महिने चालली. त्या काळात गावित पेठला परत गेला, आणि हंगामात दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांमध्ये मजुरीला. प्रमुखांनी चौकशीत सांगितलं की त्यांना तक्रारीचं काही माहीतच नव्हतं. त्यावर त्यांच्याविरुद्ध एकच कागद होता, मॅडमचा. मॅडमना समितीसमोर तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, आपल्या बाजूचा एक शब्दही न घालता. गावित परत कामावर आला. प्रमुखांचं प्रमुखपद गेलं. मॅडमना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी कारण दाखवलं नाही, फक्त 'मान्य आहे' लिहिलं. सेवापुस्तकात नोंद झाली आणि त्यांची बदली तळघरात, जुन्या दप्तराच्या खोलीत. काच त्यांनी नेली नाही. नवीन आलेल्या मुलाने ती काढून भिंतीला टेकवून ठेवली, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत ती फुटली.

उरलेली दीड वर्षं त्या तळघरात होत्या. मी डबा घेऊन खाली जायचे. वर भांडणं वाढत होती आणि लोक त्यांच्याकडे यायचे, 'मॅडम, तुम्ही जरा बोला ना' म्हणायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "वर खिडकी आहे. शिक्का मारून घे आधी, पोच घे, मग ये माझ्याकडे." लोकांना ते आवडायचं नाही. बाई कडू झाली, असं बोलायला लागले. मला तर तेव्हा फार राग यायचा, सगळ्यांचाच. जिने शेकडो भांडणं सोडवली तिला एका कागदापायी तळघरात बसवलं, असं मी घरी जाऊन बोलत बसायचे.

गावित त्यांच्याशी बोलत नव्हता. समोरून आला तर मान खाली घालून जायचा. एकदा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही त्याला परत आणलंत आणि तो तुमच्याकडे बघतही नाही."

"मी आणलं? मीच घालवलं होतं ना?"

"मी बोलू का त्याच्याशी? दोघांना एकदा समोरासमोर बसवते."

त्या इतक्या जोरात म्हणाल्या की मी दचकले. "खबरदार! त्याचा राग शे तो. त्याच्याजवळच राहू दे. मी घ्यायला गेले होते एकदा, पुरे झालं."

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणं झाली. भामरे सरांनी सुकटीचा किस्सा सांगितला, सगळे हसले. मॅडम दाराकडे बघत होत्या. गावित आला नाही. त्यानंतर यजमानांबरोबर त्या देवळ्याला राहायला गेल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिकडेच वारल्या. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. मी त्यांना भेटायला देवळ्याला जाणार होते, दर सुट्टीत जाणार होते. देवळा काही लांब नाही. तरी गेले नाही, आणि आता जाऊन काय करू, हे अजून बोचतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या डिसेंबरात. पेन्शनच्या कुठल्यातरी कागदासाठी आल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, साडी अंगावर सैल. माझ्या टेबलाशी बसल्या, बशीत ओतून चहा प्यायल्या, वैशालीच्या मुलीची चौकशी केली. जाताना मी त्यांना पोचवायला खालपर्यंत गेले. पोर्चजवळ समोरून गावित आला, हातात काचेच्या नळ्यांचा ट्रे. नेहमीसारखी मान खाली गेली. मी तोंड उघडणार, तोच मॅडमनी माझं मनगट दाबलं.

"गावित," त्या म्हणाल्या. तो थांबला. "तू पोच मागितली होतीस. मी दिली नाही. चूक माझी होती."

कागदावर हे त्यांनी केव्हाच लिहून दिलं होतं. त्याच्या तोंडावर म्हणाल्या त्या आज. मी मनात म्हणत होते, आता हा म्हणेल, जाऊ द्या मॅडम. आपल्याकडे असंच म्हणतात.

गावितने ट्रे कठड्यावर ठेवला. "हो मॅडम," तो म्हणाला. "तुमचीच व्हती."

मला राग आला त्याचा. पण मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्या नुसत्या मान हलवत होत्या, अगदी शांतपणे.

"ते नऊ महिनं लय वंगाळ गेलं," तो म्हणाला.

"सांग मला," मॅडम म्हणाल्या.

आणि तो बोलायला लागला, उभ्या उभ्या. गावात लोक काय म्हणायचे, यानेच काहीतरी केलं असणार. बायको बागेत छाटणीला यायची तर मुलीला बांधावरच्या झाडाखाली बसवून ठेवायला लागायचं. मुलगी विचारायची, बाबा तुमची काचेची शाळा बंद झाली का? गावितला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मॅडमनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. समजूत घातली नाही, मीपण भोगलं म्हणाल्या नाहीत, डोळे पुसले नाहीत. तो थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं." त्याने ट्रे उचलला आणि तो आत गेला.

"मग, मिटलं ना मॅडम?" मी विचारलं.

"तुला नं, सगळं मिटवायचं असतं," त्या वैतागून म्हणाल्या. "जा वर, काम पडलं असेल." माझ्या गालावरून त्यांनी बोट फिरवलं, धूळ बघतात तसं, आणि फाटकाकडे चालायला लागल्या.

मी वर येऊन खिडकीशी उभी राहिले. बस लांबली होती. फाटकाबाहेरच्या थांब्यावर त्या एकट्या, पिशवी पायाशी ठेवून. थोड्या वेळाने बघते तर गावित तिथे आलेला. ट्रे ठेवून आला असणार. मॅडमपासून हातभर अंतरावर उभा, रस्त्याकडे बघत. दोघं बोलत नव्हती. मॅडमही त्याच्याकडे बघत नव्हत्या. दहा मिनिटं झाली असतील, पंधरा. मला खाली जावंसं इतकं वाटत होतं, त्यांच्याजवळ जाऊन नुसतं उभं राहावंसं. पण त्या दोघांत तिसऱ्याचं काही काम नव्हतं, हे मलाही तेवढ्या दिवसांत कळलं होतं.

बस आली. गावितने पिशवी उचलून आत दिली. मॅडम दांडी धरून चढल्या. बस गेली, आणि तो परत आत यायला वळला नाही. बस वळणापलीकडे जाईपर्यंत तिथेच उभा राहिला, आणि वर मीही.